आईच्या गुडघ्यांसाठी पीईएमएफ मॅट (थांबून थांबून चुंबकीय पल्स सोडणारी) घ्यायची म्हणतोय, कोणी वापरलीय का?

गुहागरी_नारळ
नमस्कार मंडळी. आई ६८ ची, दोन्ही गुडघे दुखतात, ऑर्थोने एक्सरे बघून ऑस्टिओआर्थरायटिस (सांध्याची झीज) सांगितलाय, ऑपरेशन इतक्यात नको म्हणते. आमचं घर जांभ्याच्या पायऱ्या चढून वर आणि आगर खाली, त्यामुळे चढउतार रोजचीच, कितीही सांगा ऐकत नाही. आता चिपळूणला एक सेंटर सुरू झालंय, फ्री सिटिंग देतात, शेजारच्या काकू तिला घेऊन गेल्या. गरम मॅटवर अर्धा तास झोपवतात, आल्यावर म्हणते बरं वाटलं रे, आणि आता तिच्या डोक्यात तीच मॅट बसलीय. तिथला माणूस सांगतो १ लाख ३५ हजार, आज बुक केली तर १० हजार कमी, वर दोन गिऱ्हाइकं आणून दिली तर कमिशन. ऑनलाइन बघितलं तर दिसायला तश्शाच मॅट २० हजारापासून ३ लाखापर्यंत आहेत, चुंबकाचा जोर कुठे गॉसमध्ये लिहिलाय कुठे मायक्रोटेस्लामध्ये, कुठे नुसतेच ॲमेथिस्ट आणि टुरमलीनचे दगड. काय बघून घ्यायची? पैसे घालायला हरकत नाही पण फुकट जायला नकोत. बाबांना पेसमेकर आहे, त्याचा इथे संबंध आहे का माहीत नाही, लिहून ठेवतो.

फिजिओ_सावंतवाडीवाली
दादा, शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पेसमेकर असलेल्या माणसाने या मॅटवर झोपायचं नाही, बसायचंही नाही, आणि आई वापरत असताना शेजारी आडवं पडायचं नाही. पल्समुळे पेसमेकरची गफलत होऊ शकते. घरात आणायचीच असेल तर आधी ज्यांनी पेसमेकर बसवलाय त्यांना मॉडेल दाखवून विचारा, आणि मॅट बाबांच्या खोलीत नको. तेच कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवतात ते), इन्सुलिन पंप वगैरेचं, गरोदर बाईलाही देत नाहीत, फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता मूळ प्रश्न. ही थेरपी म्हणजे निव्वळ थाप नाहीये. मोडलेलं हाड महिनोनमहिने जुळत नसेल तर त्यासाठी अशा पल्सच्या मशीनला अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) १९७९ मध्येच मान्यता दिली. पण ते हाडावर बांधायचं कॉइल, रोज कित्येक तास, एका ठरावीक कामासाठी. सांध्यांच्या झिजेवर २०१३ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे (म्हणजे झालेल्या ट्रायल एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष), ९ ट्रायल, मिळून ६३६ पेशंट. त्यात १०० च्या स्केलवर दुखणं खोट्या (पल्स न सोडणाऱ्या) मशीनपेक्षा साधारण १५ पॉइंट जास्त कमी झालं, चालणं-फिरणं सुधारतं का याबद्दल मात्र ठाम काही हाती लागलं नाही. म्हणजे दुखणं थोडं कमी होईल, कूर्चा परत उगवणार नाही. शिवाय त्या ट्रायलमधली मशीन वेगवेगळी, डोस वेगवेगळे, त्यामुळे तो आकडा चिपळूणच्या मॅटला आपोआप लागू होत नाही. सेंटरवाला शुगर जाते, बीपी जातं असं सांगत असेल तर तिथूनच उठा. डायबिटीसवर इलाज म्हणून अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

लांज्याचा_वायरमन
मी डॉक्टर नाही पण कॉइल आणि करंट कळतो. मॅटमध्ये तांब्याची वेटोळी असतात, कंट्रोलर त्यात थांबून थांबून करंट सोडतो, त्याने चुंबकीय क्षेत्र कमी जास्त होतं आणि बदलत्या क्षेत्रामुळे अंगात अगदी बारीक करंट तयार होतो, एवढीच भानगड. त्यामुळे विचारायचं एकच, मॅटच्या वरच्या पृष्ठभागावर किती गॉस आणि किती हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती पल्स. कॉइलच्या मध्यावर मोजलेला आकडा सांगून उपयोग नाही कारण कॉइलपासून लांब गेलं की क्षेत्र भराभर पडतं, त्यात तुम्ही वर जाड गादी टाकली की गुडघ्यापर्यंत काय पोचणार.

युनिटची गंमत बघा. १ टेस्ला म्हणजे १० हजार गॉस, १ गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. एका ब्रोशरवर मोठ्ठ्या अक्षरात ३००० लिहिलेलं, खाली बारीक अक्षरात मिलिगॉस. म्हणजे फक्त ३ गॉस! तुलनेला आपल्या कोकणात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आहे साधारण ४३ मायक्रोटेस्ला, म्हणजे अर्ध्या गॉसच्याही आत. हे मोजायला अलिबागला वेधशाळा आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून ते काम तिकडे हलवलं, ट्रामच्या करंटने रीडिंग बिघडलं असतं. (विषयांतर झालं, पण अलिबागला समुद्रावर भेळ खाऊन परत येणाऱ्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगितलं.)

७.८३ हर्ट्झ म्हणजे पृथ्वीची फ्रिक्वेन्सी असंही सांगतील. शूमन रेझोनन्स खरा आहे, पण तो जमीन आणि वरचं आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या लहरींचा, त्याने गुडघ्याचं काही सिद्ध होत नाही. नासाने टेस्ट केलंय म्हणाले तर नासाचा २००३ चा तो अभ्यास लॅबमधल्या पेशींवरचा होता, कोणाच्या आईला मॅटवर झोपवलं नव्हतं. 'एफडीए रजिस्टर्ड' म्हणजे कंपनीने नाव नोंदवलं एवढंच, मान्यता वेगळी. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस म्हणून विकत असतील तर सीडीएससीओचा (केंद्र सरकारची औषधं-उपकरणं तपासणारी संस्था) नंबर मागायचा.

आणि एक, सेंटरवरची मॅट गरम होती ना? ती हीटिंगची वायर, पल्सचा त्याच्याशी संबंध नाही. हीट बंद करायला लावा, पल्स ५ हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि वर होकायंत्र ठेवून बघा, सुई थरथरली पाहिजे. नुसत्या हीटरच्या ५० हर्ट्झला सुई दाद देत नाही. स्वस्तातलं होकायंत्र घ्या, भावाच्या ट्रॉलरवरचं नेऊ नका, तो शिव्या घालेल. दगडांचे पैसे तर देऊच नका. असे दगड 'निगेटिव्ह आयन' सोडतात म्हणून खपवतात, पण निगेटिव्ह आयनवाल्या काही वस्तूंमध्ये किरणोत्सर्गी खनिज असतं असं अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानेच सांगितलंय.

कुडाळचो_बापू
रे झिला, ह्या गॉस-बिस माका कळणा नाय, माज्या मावशेचा सांगतंय. तेनी अशीच एक मॅट घेतल्यान, पयले रोज वापरल्यान, मगे पावस सुरू झालो तशी घडी घालून कपाटात ठेवल्यान. गणपतीक भायर काढल्यान तर एका बाजून बुरशी आणि दुसरी बाजू चालूच होयना, घडीत वायर तुटली असतली. इकणाऱ्याक फोन केल्यार सांगता मुंबयक पाठवा, कुरियर तुमचा. तेव्हा सर्विस खय आसा ता आधी इचार. आणि ता कमिशनचा समजान घे, गिऱ्हाईक आणून दी म्हणजे शेजारणीचे पैशे तुज्या नावार बुडतले. डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे नियम आसत, माल परत करूची सोय देवक लागता, लेखी घे. नाय दिल्यान तर १९१५ ग्राहक हेल्पलाइन.

दापोलीची_मीना
मी वापरते, कंबरेसाठी, आणि मला आवडते, म्हणून सगळेच तुटून पडलेले बघून लिहिते. संध्याकाळी त्यावर पडलं की सैल वाटतं, झोप बरी लागते. पण खरं सांगायचं तर वायरमन दादांसारखंच आमच्या मुलीने सांगितलं म्हणून थोडे दिवस हीट बंद करून वापरली तर फरक जाणवेना, हीट चालू केली की परत बरं. मग हीटिंग पॅड हजार-दीड हजारात येतो की! आईला शुगर असेल आणि पाय बधीर असतील तर हीट जपून, चटका लागलेला कळत नाही. आमच्याकडे व्होल्टेजचा खेळ असतो म्हणून स्टॅबिलायझरवर लावते आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवते. पावसाळ्यात घडी न घालता गुंडाळून.

गुहागरी_नारळ
बरं झालं विचारलं. आज सेंटरला जाऊन आलो. पृष्ठभागावर गॉस किती विचारलं तर म्हणे "सर, हे जर्मन टेक्नॉलॉजी आहे". परत करायची अट लेखी द्या म्हटलं तर मॅनेजरशी बोलून सांगतो. होकायंत्र काढायची वेळच आली नाही. आईला पेसमेकरचं सांगितल्यावर ती स्वतःच म्हणाली नको मग घरात. पण आता ती विचारतेय मग गुडघ्याचं करायचं काय? फिजिओ ताई, तुमच्याकडे पल्सचं मशीन असतं का, आधी तिथे घेऊन बघता येईल का?

फिजिओ_सावंतवाडीवाली
काही क्लिनिकमध्ये असतं, तुम्हाला डेरवणचं हॉस्पिटल जवळ, तिथे फिजिओथेरपी कॉलेजही आहे, आधी तिकडे दाखवा, मशीन लागेल की नाही ते बघून सांगतील. पण मशीन मिळालं तरी व्यायाम सुटत नाही. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, दुखणं वाढलं तर कमी करा. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. पायऱ्यांना कठडा बसवून घ्या, चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. विळीवर खाली बसून नारळ खवणं बंद, ओट्याला लावायची खवणी आणून द्या. आणि कमोड नसेल तर मॅटचे पैसे आधी तिकडे घाला.

गुहागरी_नारळ
कमोड आहे. खवणीचं सांगितलं तर म्हणाली ओट्यावर खवलेल्या नारळाला चव नसते. बघतो कसं काय जमवायचं ते, डेरवणला सोमवारी नेतोय.