मदत हवी आहे: ‘कॉम्प्युटर’ बायकांना मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बाईंबद्दल सांगायचंय आणि एका शब्दावर गाडं अडलंय. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोपट्ट्यांवरचे तारे तपासून त्यांचं तेज नोंदवणाऱ्या लेव्हिटबाईंसारख्या बायकांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत. मजुरी तासाला २५-३० सेंट! ‘संगणक’ म्हटलं की पोरांना यंत्रच दिसणार. ‘गणक’चं स्त्रीलिंग करायला गेले तर ‘गणिका’. स्टाफरूममध्ये हसून हसून मुरकुंडी वळली. दुसरा शब्द आहे का?

आणि एक. १९१२ मध्ये लेव्हिटबाईंनी छोट्या मॅगेलनिक मेघातल्या (ही आपल्या शेजारची छोटी दीर्घिका) तेज कमी-जास्त होणाऱ्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं, की अशा ताऱ्याचं तेज कमी-जास्त व्हायला जितके जास्त दिवस, तितका तो मुळातच तेजस्वी. मग तो दिसतो किती मंद, यावरून अंतर निघतं. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानी दीर्घिकेचं अंतर याच युक्तीने काढलं. हे वर्गात दाखवायचं कसं? दोन सारख्या बॅटऱ्या, एक जवळ, एक व्हरांड्याच्या टोकाला, असं करून पाहिलं. पोरं म्हणाली, “बाई, लांबच्या बॅटरीचे सेल उतरलेत.”

कुणी असा प्रयोग केला असेल तर कृपया सांगा. गुरुवारी तास आहे.