सिनेमात पाहिलेल्या जुन्या जागा बघायला सहकुटुंब गेलात का? अनुभव लिहा

मनीमाऊ
काल २६ जानेवारी, म्हणजे टीव्हीवर 'स्वदेस' असणारच. पोळ्या लाटता लाटता अर्धा पाहिला. नदीकाठचा प्रसंग आला आणि लेक ओरडली, "आई, हे तर घंटेचं देऊळ!" ती लहान असताना आम्ही मेणवलीला गेलो होतो. तिला शाहरुख आठवत नाही, घंटा आठवते.

नवऱ्याचा हा सिनेमा जीव की प्राण. २००४ साली थेटरात पाहिल्यापासून चरणपूर म्हणजे खरंच उत्तर प्रदेशातलं गाव असं धरून बसला होता. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, अरे ते आपल्या वाईजवळ आहे. झालं! पुढच्या रविवारी सासू-सासरे, लेक, पुरीभाजीचा डबा आणि आम्ही दोघं. सासऱ्यांची अट एकच, खंबाटकी चढायच्या आत चहा मिळाला पाहिजे.

वाडा नाना फडणवीसांचा. सहा चौक, अरुंद अंधारे जिने, भिंतींवर पुसट होत चाललेली चित्रं. नवरा "इथे कावेरीअम्मा बसायची" करत पुढे, आणि मागून सासरे, "अरे, इथे नाना बसायचे, त्याचं काय?" मागच्या बाजूने खाली उतरलं की कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ ती घंटा टांगलीये. पंचधातूची, पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथून ज्या घंटा आल्या, त्यांतली ही एक. अंगावर मेरी आणि तिच्या कडेवर बाळ येशू, आणि १७०७ हे साल. लेकीने आकड्यांवरून बोट फिरवून फिरवून वाचलं. सासूबाईंनी आधी सवयीने नमस्कार केला, मग चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, ही तर लेकुरवाळी दिसते." आणि पुन्हा एकदा हात जोडले.

तुम्ही कुठे गेला होतात? सिनेमा कुठलाही चालेल, जागा जुनी हवी आणि सोबत घरचे हवेत. गाडीतली भांडणं गाळू नका.

खादाड_पंत
पुरीभाजीत भाजी कुठली होती? बटाट्याची कोरडी की रस्सा?

मनीमाऊ
पंत, कोरडीच. गाडीत रस्सा कोण नेतं!

वाईची_लेक
माहेर दिसलं, राहवलं नाही. आम्हाला शूटिंगचं काही कौतुक उरलेलं नाही हो. 'मृत्युदंड', 'गंगाजल', 'ओंकारा', 'दबंग', सगळे येऊन गेले. आमची आजी घाटावर जायची तेव्हा कुणी "जरा थांबा आजी, शॉट चालू आहे" म्हटलं की विचारायची, "किती वेळ? माझा कुकर लागलाय."

मनीमाऊ, ढोल्या गणपतीला गेलात की नाही? १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. लोक पुढून दर्शन घेतात आणि परत फिरतात. मागे जाऊन बघा. मागची भिंत सरळ नाहीये, माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. लहानपणी पूर ओसरला की आम्ही पोरं मुद्दाम तिकडे बघायला जायचो. आणि विश्वकोशाचं कार्यालय वाईत आहे हे किती जणांना ठाऊक आहे? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांचं गाव आमचं. ते कुणी सिनेमात दाखवत नाही.

नाना_पाटेकर_नाही
"माझा कुकर लागलाय", आजींना साष्टांग.

टोलनाका
आमच्याकडे उलट झालं. मुलगा 'तुंबाड'वर फिदा. २०२४ च्या सप्टेंबरात परत थेटरात आला तेव्हा मित्रांबरोबर पाहून आला आणि म्हणे मला तो वाडा बघायचाय. मला वाटलं आता कोकणात जावं लागणार, दोन दिवस रजा टाका. निघाला सासवडला! पुरंदऱ्यांचा वाडा. पुण्याहून दिवेघाट चढला की आलंच.

वाडा पडका आहे, पण दरवाजा आणि बुरूज बघून बायको म्हणाली, हा तर छोटा शनिवारवाडा. धाकटी गाडीतून उतरायलाच तयार नाही. दादाने रात्री सिनेमातल्या त्या हस्तर राक्षसाची आणि त्याला दाखवायच्या पिठाच्या बाहुलीची गोष्ट सांगून ठेवली होती ना तिला. शेवटी पिठाची बाहुली नाहीये, फक्त सीताफळं आहेत असं सांगून उतरवली. मग सीताफळं घ्यावीच लागली, एक अख्खी पाटी. येताना सोपानदेवांच्या समाधीपाशी बसून निम्मी संपवली आणि बिया गाडीच्या सीटखाली अजून सापडतात.

चिंगी७७
पुरंदरचे अंजीर पण घ्यायचे ना!!

खादाड_पंत
चिंगी, अंजीर हंगामातच. एरवी जे विकतात त्याला नाव ठेवायला मला इथे जागा पुरणार नाही.

म्हापशेकर
'दिल चाहता है' आला २००१ ला आणि आमचा गोव्यातला शापोऱ्याचा किल्ला आमचा राहिला नाही. त्याआधी वर गुरं चरायची आणि आम्ही. आता तटावर पाय सोडून तीन तीन मित्रांचे घोळके, सगळ्यांना तोच फोटो हवा. पाहुणे आले की पहिली फर्माईश तीच. मेहुणा सहकुटुंब आला होता, भर मे महिन्यात दुपारी बारा वाजता वर जायचं म्हणाला. मी म्हटलं, भावा, वर सावली नाही, झाड नाही, पाणी नाही. गेला. वीस मिनिटांत लालबुंद होऊन खाली आणि "सिनेमात तर छान वारा होता."

जायचंच तर सकाळी लवकर जा. एका बाजूला वागातोर, दुसऱ्या बाजूला नदीचं मुख आणि पलीकडे मोरजीची वाळू, हे निवांत बघा. संभाजीराजांच्या फौजेने हा किल्ला घेतला होता, तेही मुलांना सांगा. आणि जांभा दगड आहे तो, ढासळतो. कडेला बसू नका रे.

टोलनाका
म्हापशेकर, नोंद घेतली. गोव्याला कधी बोलावताय?

म्हापशेकर
पावसाळ्यात या. मासे कमी असतात, पण माणसंही कमी असतात.

सोलापुरी_चादर
सैराट कुणीच नाही लिहिलं?? करमाळ्याची बारव! कमलाभवानीच्या देवळाजवळची, ९६ पायऱ्यांची. माझी मावशी तिथलीच. २०१६ च्या उन्हाळ्यात मावशीच्या घरी जेवढे नातेवाईक आले तेवढे तिच्या लग्नात पण आले नव्हते. सगळ्यांना आर्चीची विहीर बघायची. मावशी चपात्या करून करून वैतागली, म्हणाली, देवीला इतकी वर्षं या म्हणते तर कुणी येत नाही, आता बरे पाय फुटले.

उतरायला मजा येते, चढताना कळतं. माझ्या काकाने पायऱ्या मोजत मोजत जायचं ठरवलं, मधेच फोन आला, आकडा विसरला, पुन्हा वरून सुरू. शेवटपर्यंत त्याच्या ९६ काही भरल्या नाहीत. देवळाचं बांधकाम निंबाळकरांचं, खांबही ९६ च सांगतात. काका म्हणाला खांब तुम्ही मोजा.

आळशी_भटक्या
वाचतोय. लिहितो नंतर.

म्युनिकची_मधुरा
आमचं जरा लांबचं. आईला 'साउंड ऑफ म्युझिक' तोंडपाठ. ती इकडे आली तेव्हा साल्झबुर्गला न्यायचं नक्की होतं, गाडीने दीडेकशे किलोमीटर. ऑस्ट्रियात शिरायच्या आधी मोटरवेचा विन्येट (टोलचा परवाना) घ्यायला विसरू नका हं कुणी, नाहीतर दंड.

मिराबेल बागेतल्या पायऱ्यांवर आईने पदर खोचला आणि डो-रे-मी सुरू केलं. आई सातारी, आवाज खणखणीत. दोन जपानी बायका येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तिघींनी मिळून कडवं पूर्ण केलं. माझा नवरा (जर्मन) लांब झाडामागे. त्याने सिनेमा पाहिलेलाच नव्हता! इथल्या पुष्कळ लोकांनी पाहिलेला नाही, ऐकून आई इतकी दुखावली की मोंडसेच्या चर्चपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्याने वर सांगितलं की शेवटी ते कुटुंब ज्या बाजूचा डोंगर चढून जातं तिकडे स्वित्झर्लंड नाही, जर्मनीच आहे, म्हणजे नाझींच्याच दारात! आणि खरे फॉन ट्राप तर आगगाडीने इटलीला गेले होते. आई म्हणाली, "जावईबापू, सिनेमा आहे, चढू द्या त्यांना."

हेलब्रुनला सिनेमातला तो काचेचा मांडव आहे, पण कुलूप. आईने कुलपाबरोबर फोटो काढला.

वाईची_लेक
मधुरा, तुझी आई साताऱ्यात कुठली गं?

म्युनिकची_मधुरा
मंगळवार पेठ! तुम्ही?

वाईची_लेक
अगं माझी आत्या तिथेच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

नाना_पाटेकर_नाही
झालं, आता यांची वंशावळ निघणार.

पमाकाकू
छान धागा. आम्हाला ह्यांच्या गुडघ्यामुळे कुठे जाता येत नाही. वाड्यात जिने उंच आहेत का? घाटापर्यंत गाडी जाते का?

मनीमाऊ
पमाकाकू, वाड्यातले जिने उंच आहेत, काकांना खालच्या चौकात बसवा. घाटाच्या दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. सासऱ्यांनी काठी नेली होती आणि दर चार पायऱ्यांना थांबून नवऱ्याला पेशवाई शिकवत होते, त्यामुळे दम लागलेला कळला नाही. घाई न करता जमेल.

आळशी_भटक्या
आमच्याकडे पसरणी घाटात धाकट्याला गाडी लागली, अजून लिहितोय, थांबा.

चिंगी७७
आलेपाक द्या त्याला. आणि खिडकीशी बसवा.

खादाड_पंत
मनीमाऊ, पुरीचं पीठ कशात भिजवता? प्रवासात मऊ राहतात का संध्याकाळपर्यंत?

मनीमाऊ
थोडं दूध आणि मोहन, पंत. सासूबाईंना विचारून प्रमाण टाकते.