मदत हवी आहे: स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांसाठी रांगोळीला पर्याय

डे-केअरमध्ये आम्ही स्वयंसेवक कलेचा तास घेतो. एका टेबलाला चारच जण, वेळ पाऊण तास. पुढे चुळबुळ सुरू होते. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद नीट दिसत नाही, म्हणून खाली गडद निळी, बिननक्षीची चादर. ब्रशचं पाणी पेल्यात ठेवलं की कुणीतरी पितंच, त्यामुळे ओला स्पंज देतो.

अडलंय ते रांगोळीपाशी. एरवी गप्प असणाऱ्या आजीही चिमटीतून सुरेख रेघ सोडतात, त्यामुळे ती बंद करायची नाहीये. पण रांगोळीची भुकटी साखर समजून तोंडात जाते, तोच हात डोळ्याला लागतो. तांदळाचं पीठ घामट बोटांना चिकटतं, धार तुटते आणि हात तिथेच थबकतो. बारीक रवा छान सुटतो, पण ओला खाण्याचा रंग घातला की गोळे होतात. हळदीने पिवळा जमतो; लाल-हिरव्याचं काय करता?

गिळायला त्रास असलेल्यांना कोरडं काहीच देत नाही, ठसक्याची भीती असते. त्यांच्यासाठी ठिपके जोडायचा दुसरा कोणता प्रकार चालतो? शिवाय ज्यात रांगोळी काढायची ते ताट किती खोल असावं, म्हणजे कड मनगटाला लागणार नाही?