शिमग्यानंतर कोकणात केमिकल पील करावं का?

खाडीकाठ: माझं स्पष्ट मत, शिमगा ते मृग या काळात किनारपट्टीवर कुणी चेहऱ्याला पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर काढणारं आम्ल, लावू नये. नेमकी हीच लग्नसराई, म्हणून पार्लरांतून ‘लग्नाआधी दोन पील’ची पॅकेजेस निघतात. वरचा थर निघाला की खालची कोवळी त्वचा निदान आठवडाभर उन्हाला हळवी असते. त्यात आपली गव्हाळ-सावळी कातडी. जरा दाह झाला की तिथे काळं पडतं आणि ते जायला महिने लागतात. वांग घालवायला गेलेल्या बाईचा वांग आणखी गडद होतो.

हर्णैची पोर: सरसकट बंदी पटत नाही. घामाने आणि दमट हवेने मुरुम उफाळतात ते एप्रिल-मेमध्येच, आणि तेलकट त्वचेवर २० ते ३० टक्के सॅलिसिलिक आम्लाचं पील तेव्हाच कामाला येतं. मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा, ते सावकाश मुरतं, म्हणून सावळ्या त्वचेला सोसतं. ३५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल आपल्या रंगाला नकोच, तिथे मी तुमच्या बाजूने.

बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. आधी दोन ते चार आठवडे त्वचा तयार करायची: रोज सनस्क्रीन, वांग असेल तर डॉक्टरांनी दिलेलं क्रीम. ट्रेटिनॉइन (मुरुमांवरचं क्रीम) चालू असेल तर काही दिवस आधी बंद. पीलच्या दिवशी चेहऱ्याचं तेल नीट पुसून डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांवर व्हॅसलिन. ग्लायकोलिक आम्लाचं पील पहिल्या वेळी एक-दोन मिनिटंच, घड्याळ समोर ठेवून. एकसारखी लाली आली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने शमवायचं. कुठे करडं-पांढरं दिसलं तर वेळ न बघता लगेच. पुढचं पील दोन ते चार आठवड्यांनी.

देवगड ०७: बाटलीवरच्या टक्क्यांवर जाऊ नका, पीएच विचारा (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं द्रावण जहाल). ग्लायकोलिक पीएच ३.८ च्या आसपास असेल तर निम्मंच आम्ल मोकळं, म्हणजे त्वचेवर काम करणारं, असतं. त्याच टक्क्याचं पीएच १ चं द्रावण कितीतरी जहाल.
आणखी एक. सॅलिसिलिक लावल्यावर पांढरी भुकटी दिसते, ते आम्लाचे स्फटिक. ओल्या कापडाने निघतात. ट्रायक्लोरोॲसेटिकचा पांढरेपणा पुसला जात नाही, तिथे त्वचेतली प्रथिनं गोठलेली असतात. हा फरक ज्याला कळत नाही त्याने ब्रश हातात धरू नये.

खाडीकाठ: पायऱ्या बरोबर आहेत, पण पाळणार कोण? संध्याकाळी मासळीच्या लिलावाला वाळूत उभी राहणारी बाई, कलमांच्या बागेत दिवसभर आंबे उतरवणारा गडी. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं, इथे ते अर्ध्या तासात घामाबरोबर ओघळतं. पावसाळ्यात ढगांतूनही अतिनील किरण येतातच, पण निदान छत्री तरी असते.

हर्णैची पोर: उन्हातच पोट आहे त्यांना पील नको, मान्य. पण मग बारमाही नको. दिवाळीनंतरचं ऊनही त्यांना चुकत नाही. दुकानात, ऑफिसात बसणाऱ्या मुलीला मात्र मे महिन्याच्या नावाखाली का अडवायचं? मी महिना विचारणार नाही. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब लावते का, हे आधी विचारीन. त्या ट्यूबने कातडी पातळ झालेली असते, तिथे साधं ग्लायकोलिकही खोल उतरतं. शिवाय ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर सॅलिसिलिक नाही, आणि ओठांवर वारंवार नागीण उठत असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळ्या.

देवगड ०७: यात ‘खपली ओढू नका’ हे लिहून हातात द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हनुवटीजवळ सालं सुटतात, ती नखाने काढली की डाग तिथेच बसतो.