लघुपटात भावना पोहोचवण्यासाठी निवेदन आवश्यक आहे का?

रावेरकर : आमच्याकडील एका केळी उत्पादकावर लेवा गणबोलीत, म्हणजे जळगाव भागातल्या बोलीत, लघुपट करीत आहे. घड कापणीला आले आहेत. व्यापाऱ्याची गाडी येणार नाही हे मुलाला फोनवर कळते, वडील मात्र वाट पाहत राहतात. केळी झाडावरच पिकू लागली की लांबच्या बाजारात पाठवता येत नाहीत, त्यामुळे दिवस वाया जाणे परवडत नाही. संवाद हा इतर ध्वनींसारखाच एक ध्वनी असावा आणि कथा पात्रांच्या डोळ्यांतून कळावी, असे थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ मधील मुलाखतीत फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना सांगितले होते. मला ते पटते. पण निवेदनाशिवाय ही घालमेल पोहोचेल का?

तापीकाठ : पोहोचेल, मात्र ती वडिलांच्या चेहऱ्यावर शोधू नका. समजा, टेबलाशी माणसे गप्पा मारत आहेत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे आधीच कळले, तर वरच्या क्षुल्लक गप्पाही १५ मिनिटे जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात, असे हिचकॉक यांचे म्हणणे होते. म्हणून मुलाचा फोन आधी दाखवा. त्यानंतर वडील मजुरांना कापणीला येण्याचा निरोप धाडतील, बागेतली वाट मोकळी करतील आणि ते जितके प्रसन्न दिसतील, तितका प्रेक्षक अस्वस्थ होईल.

अमळनेरकर : हे केवळ उत्कंठेपुरते नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) परगावाहून परतलेला हरिहर मुलगी दुर्गा हिच्यासाठी आणलेली साडी काढतो, दुर्गा मरण पावल्याचे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. त्याची पत्नी सर्वजया हिचा हंबरडा राय यांनी ऐकूच दिलेला नाही, त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य वाजते. इतका उत्कट प्रसंग मी क्वचितच पाहिला आहे.

रावेरकर : मग मुलाचे फोनवरचे बोलणेही काढावे का?

तापीकाठ : काढू नका. ‘ब्लॅकमेल’ (१९२९) या आपल्या पहिल्या बोलपटात हिचकॉक यांनी एका बाईच्या बडबडीतले बाकीचे शब्द अस्पष्ट करून ‘सुरी’ हा शब्द तेवढा ठळक ठेवला, कारण ऐकणाऱ्या नायिकेच्या हातून सुरीनेच माणूस मारला गेलेला असतो. तुम्हीही पलीकडचा आवाज विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीत बुडू द्या आणि मुलाचे ‘गाडी नाही?’ एवढेच ऐकू येऊ द्या. बापलेकांचे गणबोलीतले नेहमीचे बोलणे अवश्य ठेवा. गाळायचे ते प्रसंगाचा अर्थ समजावणारे वाक्य. मुलाने वडिलांना केव्हा सांगायचे, हे मात्र पटकथेतच ठरवा, कारण तोवरचा सारा ताण त्यावर अवलंबून आहे.