'पब्लिक लँड'ला सरकारी जमीन म्हणावं का?

रानवाट: अमेरिकेतल्या तेल-वायूच्या लीजवरचा एक लेख मराठीत करतेय. 'पब्लिक लँड्स अँड वॉटर्स' पानोपानी येतं. मी 'सरकारी जमिनी' लिहिलं, तर मैत्रिणीनं सगळीकडे खोडलं. ती म्हणते, सरकारी म्हटलं की वाचक समजणार सरकारची आहे, वाटेल त्याला देईल. लेखातला झगडाच त्यावर आहे. 'सार्वजनिक पाणी' लिहावं तर नळ डोळ्यांसमोर येतो, आणि इथे मेक्सिकोच्या आखाताचा समुद्रतळ अभिप्रेत आहे. काय वापरू?

पाटीपेन्सिल: 'सरकारी'च. कागदोपत्री मालक संघराज्य सरकार आहे. जमिनी सांभाळणाऱ्या एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या त्याच्या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर आहे. तळमळीपोटी शब्दाचा अर्थ वाकवू नये.

उंबरवाडी: 'लोकभूमी' करा.

पाटीपेन्सिल: कोण बोलतं असं?

जुनापाना: 'गायरान' हा जिवंत शब्द आहे. कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं. त्या जमिनींवरही गुरं चरतातच.

रानवाट: गायरान गावापुरतं असतं हो. अलास्कातल्या आर्क्टिक रेफ्यूज या अभयारण्याच्या किनारपट्टीवर 'पॉर्क्युपाइन' नावाच्या कळपातल्या कॅरिबू (रानटी रेनडिअर) माद्या विणीला येतात. तिकडचे आदिवासी ग्विचिन लोक त्या जागेला 'जिथे जीवन सुरू होतं ती पवित्र जागा' अशा अर्थाचं नाव देतात. त्या नावात ना सरकार आहे, ना मालक. तिथेच ड्रिलिंग व्हावं म्हणून २०१७ च्या कायद्यात लीजचे लिलाव सक्तीचे केले!

जुनापाना: 'लिलाव' हा 'लीला'वरून आला असं आमचे गुरुजी सांगत.

उंबरवाडी: गुरुजींबद्दल आदर आहे, पण तो पोर्तुगीजांकडून आला, 'लेइलाँव'. आणि लिलाव निघालाच आहे तर हवामान-कार्यकर्ता टिम डीक्रिस्टोफरला विसरू नका. डिसेंबर २००८, सॉल्ट लेक सिटी, तेल-वायूच्या लीजचा सरकारी लिलाव. हा पोरगा ७० नंबरची पाटी घेऊन बोली लावणाऱ्यांत बसला आणि खिशात पैसे नसताना सुमारे २२ हजार एकरांच्या लीज जिंकत गेला. पुढे सरकारनंच त्या लिलावातले ७७ तुकडे मागे घेतले, तरी याला २ वर्षांची कैद झाली. माझ्या मते त्या सभागृहात जमिनीच्या बाजूनं बोली लावणारा तो एकटाच होता.

पाटीपेन्सिल: फसवून बोली लावणं गुन्हाच. शब्दावर या. 'लीज' कशाला? 'भाडेपट्टा' आहे. 'रॉयल्टी' कशाला? 'स्वामित्वधन' आहे.

रानवाट: 'स्वामित्वधन' आवडला, कारण स्वामी कोण हे तो शब्दच विचारतो. १९२० च्या कायद्यानं सरकारी जमिनीतल्या तेल-वायूवर कंपन्यांनी द्यायच्या स्वामित्वधनाचा किमान दर साडेबारा टक्के ठेवला. शंभर वर्षं तो हलला नाही. २०२२ मध्ये १६.६७ केला, २०२५ मध्ये पुन्हा साडेबारावर आणला. कोणता जमीनमालक इतक्यावर गप्प बसेल?

उंबरवाडी: 'भाडेपट्टा'ला माझा विरोध आहे. भाडेकरूनं जाताना जागा होती तशी परत करायची असते. इथे कंपनी बुडाली की तेलाची विहीर तशीच उघडी, मिथेन सोडत राहते. अशा 'ऑर्फन' विहिरी बुजवायला २०२१ मध्ये ४.७ अब्ज डॉलर सरकारी तिजोरीतून ठेवावे लागले. त्यांना तरी काय म्हणणार, 'अनाथ'?

जुनापाना: बेवारस.

पाटीपेन्सिल: 'बेवारस' नको. तेल विकून पैसे घेणारा कुणीतरी होता ना? 'टाकलेल्या विहिरी' म्हणा.

उंबरवाडी: 'टाकलेल्या' मान्य. पण 'लीज' मी सोडणार नाही.