आयटीआय प्लंबर, वय 21: घरगुती दुरुस्तीचं काम स्वतंत्र सुरू करतोय, दर कसा लावू?

पाटाचं_पाणी
कोल्हापूर. सध्या ठेकेदाराकडे नव्या इमारतींची कामं करतो. आता फक्त दुरुस्ती, स्वतःच्या नावावर. हाताशी 40 हजार आणि दुचाकी. हत्यारं कोणती घेऊ, दर कसा ठरवू, नोंदणी काय लागते? इथले जुने मिस्त्री 150 रुपयांत नळ बदलतात, त्यांच्यापुढे टिकायचं कसं?

हिशेबी_पाना
150 च्या नादी लागू नका. आधी स्वतःच्या तासाची किंमत काढा. घरखर्च, पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज मिळून महिन्याला 30 हजार धरू. दिवस 25, पण रोजचे पैसे मिळणारे तास जेमतेम 4. बाकीचे दुकानात, रस्त्यावर आणि मालक कुलूप उघडायला येईपर्यंत जिन्यात जातात. म्हणजे 100 तास. तासाला 300 पडले तरी तुम्ही फक्त बरोबरीत आहात, नफा त्याच्या वर.

पाहणीचे पैसे वेगळे घ्या, काम मिळालं तर मजुरीतून वजा करा. फोनवर ठाम आकडा देऊ नका, आधी फोटो मागवा. भिंतीत जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप असेल तर "नुसता नळ बदलायचाय" हे काम तासाभराचंही होऊ शकतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून पाठवा: मजुरी किती, सामान कोणाचं, फरशी फुटली तर ती बसवणं यात आहे की नाही. भांडणं बहुतेक या तिसऱ्या मुद्द्यावरच होतात.

सुतळी_सफेदा
नव्या इमारतीतून येणारी मुलं जुन्या जीआय लाइनवर हमखास अडकतात. गंजलेला नळ एकाच पान्याने फिरवला की भिंतीतला एल्बो (वळणाचा जोड) सोबत फिरतो आणि गळती आत सुरू होते, दिसते चार दिवसांनी. म्हणून 14 इंची पाइप पाने दोन हवेत: एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडवायचं. शिवाय तुटलेली निपल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) काढायचा एक्स्ट्रॅक्टर, सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिक पाइप) कापायचा कटर, वॉटर पंप प्लायर, हॅमर ड्रिल, ड्रेन स्प्रिंग. लाइनचा दाब तपासायचा टेस्ट पंप सुरुवातीला भाड्याने आणला तरी चालतो.

डब्यात अर्धा इंची एंड प्लग कायम ठेवा. संध्याकाळी सात वाजता निपल आत तुटली आणि दुकान बंद असलं, तर तुकडा काढून प्लग मारायचा आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. घर पाण्याविना राहत नाही, उरलेलं काम सकाळी. एक्स्टेंशन निपल, स्पिंडल, फ्लशचे वॉशर, 18 आणि 24 इंची कनेक्शन पाइप हेही असू द्या.

फुकटची दुसरी फेरी बहुतेक ओल्या जॉइंटमुळे पडते. जुना व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पाणी झिरपत राहतं आणि त्यावरच सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) लावलं जातं. सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा, टोक कोरडं पुसा, कापलेली कड घासा, पाइप पाव फेरा फिरवत आत बसवा आणि 30 सेकंद दाबून धरा. पीव्हीसीचं सॉल्व्हंट सीपीव्हीसीला लावू नका. जीआयवरून सीपीव्हीसीला येताना पितळी आट्यांचंच फिटिंग. प्लास्टिकचे आतले आटे जोर लावला की चिरतात. कनेक्शन पाइपच्या नटावर टेफ्लॉन गुंडाळण्यात अर्थ नाही, तिथे पाणी वॉशर अडवतो.

पाटाचं_पाणी
धन्यवाद. फ्लॅटमध्ये खालच्याच्या छताला ओल येते, अशी कामं घेऊ का?

हिशेबी_पाना
घ्या, पैसा त्यातच आहे. पण हातोडा शेवटी. ओल चोवीस तास ठिबकत असेल तर संशय दाबाच्या लाइनवर, अंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या जमिनीतला सांडपाण्याचा सापळा) किंवा फरशीच्या सांध्यांवर. वरच्या फ्लॅटची लाइन बंद करून काही तास बघा. मग ट्रॅपला बूच लावून रंगीत पाणी 24 तास साठवा. रंग खाली उतरला नाही तर बूच काढून पाणी सोडा. तेव्हा उतरला तर दोष ट्रॅप किंवा खालच्या पाइपात. दाबाची लाइन तपासायची तर गीझर आणि मिक्सर सोडवून टोकांना प्लग मारा. जुन्या लाइनला 3–4 किलो दाब पुरे, तासभर काटा बघा. या तपासणीचे पैसे आधी ठरवा, आणि फोडण्याआधी वरच्या मालकाची लेखी संमती घ्या.

कागदपत्र
उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. एजंटला पैसे देऊ नका. मजुरीचं काम असल्याने वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. अ‍ॅपवरून मिळालेल्या प्लंबिंग कामाचा जीएसटी अशा वेळी अ‍ॅप कंपनी भरते. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या 18 व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत, प्लंबर नाही, त्यामुळे तिथे हेलपाटे घालू नका. एकट्याने काम करत असाल तर दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन भागतं.

आणि गीझर बसवताना वायरिंग ओढायला सांगतील. वायरमनचा परवाना नसताना ते काम अंगावर घेऊ नका. परवानाधारक जोडीला ठेवा आणि त्याचं बिल त्यालाच लावू द्या.